निळ्या रंगाखालचा बोल्ट

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. बायकोसमोर नाही, मित्रांसमोर नाही. दोन पेग पोटात गेल्यावर माणसं काय काय ओकून टाकतात, मी तेव्हाही गप्प राहिलोय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या सासुरवाडीला ओळखत नाही. यात काही मोठं धैर्य नाही, हे मलाही कळतं.

सुरुवात कुठून करू? वायरिंगपासून करतो. ते मला येतं.

मी सानपाड्याला राहतो. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, मूळचा साताऱ्याकडचा. बायको, प्रतिभा, उलव्याची. टॉवर उभे राहण्याआधीचं जे उलवे होतं, तिथली. त्या घरात सगळे होडीवर वाढलेले, आणि जावयाला पोहताही येत नाही – मग चेष्टा होणारच. लग्नानंतर कित्येक महिने माझ्यासमोर कोलंबी आणि करंदी ठेवून, यातली करंदी कुठली, अशी परीक्षा घेतली जायची, आणि मी नापास झालो की सगळं घर हसायचं. मग एकदा त्यांच्या टाकीचा पंप बंद पडला, तो मी चालू करून दिला, आणि त्या घरात माझी पत बसली. फ्रीज, इन्व्हर्टर, हळदीच्या मांडवातली लायटिंग – काही अडलं की भावजींना फोन. मला ते आवडायचं. फार आवडायचं. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

प्रतिभाचा धाकटा भाऊ हरेश. याने एका पावसाळ्यात फायबरची छोटी बोट घेतली. वडिलांची होडी होती, ती खाडीत भराव पडला तेव्हाच गेली. हरेशच्या मनात ते राहिलेलं. आता बोट घेतली खरी, पण ठेवणार कुठे? बिल्डिंगच्या खाली, पार्किंगमध्ये, गाड्यांच्या रांगेत. पाण्यात उतरवायची तर मोरा बंदरावर न्यायला हवी. म्हणून बोटीसाठी दोन चाकांची लोखंडी ट्रॉली आली, आणि ट्रॉली ओढायला हरेशच्या जीपच्या मागे टोचनचा हूक बसला. हूक वर्कशॉपवाल्याने बसवला. वायरिंगचं काय, असं त्याने विचारल्यावर हरेश म्हणाला, ते आमचे भावजी करतील.

वायरिंग कशासाठी, ते सांगतो. ट्रॉलीवर बोट चढली की जीपचा मागचा भाग झाकून जातो. ब्रेक दाबला, वळायचा इशारा दिला, तरी मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून ट्रॉलीच्या शेपटीला वेगळे दिवे लावायचे आणि ते जीपच्या दिव्यांना जोडायचे. एका रविवारी मी उलव्याला गेलो, जीपच्या मागचं अस्तर काढलं, टेस्टर घेऊन एकेक वायर शोधली. ही ब्रेकची, ही डावीकडची, ही उजवीकडची. हुकाशेजारी सॉकेट बसवलं. ट्रॉलीवर दिवे, तिथपर्यंत केबल, आणि शेवटी अर्थची वायर. ती ट्रॉलीच्या लोखंडाला बोल्टने आवळून टाकायची. वीज दिव्यापर्यंत गेली की तिला परत यायला वाट लागते, ती ही. बाकीच्या वायरी कितीही नीट जोडा, ही एक सैल राहिली की सगळं मुसळ केरात. सगळं जोडून, तपासून मी हात पुसले. तेव्हा दिवे लख्ख लागत होते. खोटं नाही सांगत. त्या दिवशी माझं काम चोख होतं.

नारळी पौर्णिमेच्या आधी बोटी रंगवतात. दर वर्षीची पद्धत. हरेशने बोट निळी रंगवली, ऑइल पेंटचा जाडजूड हात मारून. बोट झाली तरी डब्यात रंग उरला. मग त्याला वाटलं, ट्रॉली तरी का भिकाऱ्यासारखी दिसावी? त्याने ट्रॉलीही रंगवली. नीट रंगवायची म्हणून वायरी सोडल्या, बोल्ट काढले, सगळं निळं केलं आणि वाळल्यावर पुन्हा जसंच्या तसं आवळलं. अर्थच्या बोल्टखालीही रंग. वायर आता लोखंडाला टेकत नव्हती, रंगाला टेकत होती.

मला हे माहीत नव्हतं. पौर्णिमेच्या दिवशी कळलं.

त्या दिवशी धर्मामामा मोऱ्याहून स्कूटरवर आले होते. धर्मामामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, मोऱ्याचे तांडेल. बोट त्यांच्या हातात, खलाशी त्यांच्या हुकमात. उंच, काळेसावळे, कमी बोलणारे. त्यांची नजर म्हणजे सगळ्या नातेवाइकांत कौतुकाचा विषय. धक्क्यावर बसल्या बसल्या ते समोर बोट करून म्हणायचे, अमक्याची बोट आली. आणि आम्ही डोळे बारीक करून बघत राहायचो, आम्हाला नुसतं पाणी. बऱ्याच वेळाने तिथून खरोखर त्याच माणसाची बोट यायची. हरेशची बोट मामांच्याच हाताने पाण्यात उतरवायची, असं घरात ठरलेलं होतं.

पार्किंगमध्ये पूजेची तयारी चालू होती. बोटीला हार, ट्रॉलीला हार. मी आपला सवयीप्रमाणे प्लग जोडून दिवे तपासायला गेलो. हरेशला म्हटलं, ब्रेक दाब. त्याने दाबला. मागचा लाल दिवा लागला – म्हणजे, लागल्यासारखं केलं. मिणमिणला. मग इंडिकेटर दिला, तेव्हा एक बाजू लुकलुकायच्या ऐवजी दोन्ही बाजू फिकटशा थरथरल्या आणि लाल दिवा विझला. ज्याने हे काम केलंय त्याला यात विचार करण्यासारखं काही नाही. अर्थ गेलेला. हुकाच्या लोखंडातून थोडीफार वाट मिळत होती म्हणून दिवे जेमतेम जिवंत होते. मी खाली वाकलो. बोल्टच्या भोवती निळा रंग दिसला. सगळा उलगडा झाला.

उपाय? अगदी किरकोळ. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने रंग खरवडून खालचं लोखंड उघडं करायचं, बोल्ट परत आवळायचा. चहा थंड व्हायच्या आत झालं असतं. पॉलिश पेपर माझ्या पिशवीतच होता. मी पान्हा काढला – आणि सासूबाई ओरडल्या.

त्यांच्या घरची रीत आहे. रंगवलेल्या होडीला हार चढला की नारळ फुटेपर्यंत तिला, तिच्या ट्रॉलीलाही, हत्यार लावायचं नाही, ओरखडा काढायचा नाही. "नारल फुटंपरत लोखंड नका लावू, जावय," असं त्या म्हणाल्या. रागाने नाही, पण सगळ्यांसमोर. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. करंदी न ओळखणाऱ्या जावयाकडे बघावं तसं.

मी पान्हा ठेवला.

आता नीट ऐका, कारण इथे मला रीतीच्या आड लपता आलं असतं, आणि मी मनातल्या मनात बरीच वर्षं लपलोही. पण नारळ तिथेच फुटणार होता. पार्किंगमध्ये, पूजेच्या शेवटी. त्यानंतर मला कोणी अडवलं नसतं. नारळ फुटला, खोबरं वाटलं, भरतीची वेळ साधायची म्हणून सगळ्यांची घाई सुरू झाली. हरेश सीटवर बसून मला म्हणाला, "भावजी, लाईट ओके ना? तुमी असल्यावर काय टेन्शन हाय!" त्याच्या भोवती त्याचे मित्र उभे होते. आणि मला – हे कसं सांगू? – मला तेव्हा 'थांब, दिवे बिघडलेत' असं म्हणायची लाज वाटली. माझं काम आणि बिघडलेलं? मी म्हटलं, ओके.

एक शब्द. तोही मराठी नाही.

बायका रिक्षाने आधीच मोऱ्याला निघाल्या होत्या. मी हरेशच्या शेजारी बसलो. मामा म्हणाले, मी स्कूटरवर बोटीच्या मागेच राहतो, रस्त्यात दोऱ्या सैल होतात का ते बघतो. म्हणजे ते रमतगमत येत नव्हते. त्यांची नजर सबंध वाटभर त्या बोटीवर होती.

उरणच्या रस्त्यावर एका यार्डातून कंटेनरचा ट्रेलर अचानक मागे आला. हरेशने करकचून ब्रेक मारला. आम्ही थांबलो. मागून धडक बसली, फार मोठी नाही, पाठीला हलकासा हिसका. मी खाली उतरायच्या आधीच मला सगळं कळलेलं होतं.

मामा ट्रॉलीच्या मागच्या दांड्यापाशी पडले होते. गुडघा वेडावाकडा, मनगट सुजायला लागलेलं. शुद्धीवर होते. रडले नाहीत, कण्हले नाहीत. हरेशकडे बघून एवढंच म्हणाले, "दिवा पेटलाच नाय. मी काय आंधला हाय?" 

एक टेम्पोवाला देवासारखा थांबला. हरेश मामांना घेऊन त्यात बसला आणि जाता जाता मला म्हणाला, भावजी, तुमी गाडी बघा. मी गाडी बघायला एकटा मागे राहिलो. गाड्या बाजूने चालल्या होत्या, कोणी काच खाली करून विचारायचं, काय झालं, आणि मी हात हलवायचो, काही नाही, जा. कंटेनरवाला कधीच निघून गेला होता. मी पिशवी उघडली. पान्हा काढला, पॉलिश पेपर काढला. बोल्ट सोडला. निळा रंग खरवडला, खालचं लोखंड चकाकेपर्यंत. वायर नीट बसवली, बोल्ट गच्च आवळला. आता नारळ फुटलेला होता, आता लोखंड लावायला कुणाची हरकत नव्हती. बोटीत रंगाचा डबा होता, वाटेत ओरखडा पडला तर लावायला म्हणून हरेशने घेतलेला. त्यातला थोडा रंग बोटाने घेऊन मी बोल्टवर फासला. मग ब्रेकच्या पेडलवर पिशवी टेकवून ठेवली आणि मागे जाऊन बघितलं. लाल दिवा असा लागला होता की त्या भरून आलेल्या आभाळाखाली लांबूनही दिसावा.

माझे हात थरथरत होते का? नाही. मला आजही त्याचंच नवल वाटतं. मी कामाला होतो. काम बरोबर झालं, याचं मला चक्क समाधान वाटलं. ही गोष्ट मला स्वतःबद्दल अजिबात आवडत नाही, पण वाटलं ते वाटलं.

संध्याकाळी मामांना दवाखान्यात ठेवून हरेश आणि त्याचे मित्र गाडीपाशी परत आले. मामा सारखे सांगतायत, दिवा लागला नाही – म्हणून त्यांनी तपासलं. एकाने ब्रेक दाबला, बाकीचे मागे उभे. दिवा लख्ख. पुन्हा दाबला, पुन्हा लख्ख. कोणीतरी म्हणालं, मामांनी घेतली असंल. हरेश त्याच्या अंगावरच गेला. पौर्णिमेला समुद्रात नारळ सोडेपर्यंत मामा पाण्याचा घोटही घेत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. दिवा तर लागतोय. मामा खोटं बोलत नाहीत. प्यायलेले नव्हते. मग झालं काय? सगळे माझ्याकडे बघत होते, कारण त्यातलं कळणारा मी.

इथवर मी जे सांगितलं, ते भित्रेपणाचं होतं. लाज वाटली, घाबरलो, लपवलं. असं माणसाच्या हातून होतं. आता सांगतो ते तसं नाही.

मी म्हटलं, "मामांचे डोळे एकदा दाखवून घ्यायला हवेत."

मला कोणी तसं म्हणायला लावलं नव्हतं. मी काहीच बोललो नसतो तरी चाललं असतं. गोष्ट तिथेच विरून गेली असती, नशीब म्हणून सोडून दिली असती लोकांनी. पण मी समजुतीच्या सुरात, शिकल्या-सवरल्या जावयाच्या सुरात ते वाक्य बोललो, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हरेशनेसुद्धा. खरंच की, वय झालं. आपल्या लक्षातच नाही आलं. जावईबापूंच्या आलं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मामांना मीच घेऊन गेलो. वाशीला, माझ्या गाडीतून. प्रतिभा मला म्हणाली, तुम्ही माझ्या माणसांचं किती करता.

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची नुकती सुरुवात आहे. या वयात असतोच, काळजीचं कारण नाही, सध्या काही करायची गरज नाही. एवढंच म्हणाले. पण मामांनी त्यातलं एवढंच ऐकलं, की आहे. ते बाहेरच्या बाकड्यावर बसले, प्लास्टरमधला हात मांडीवर, कुबडी भिंतीला टेकवलेली. बराच वेळ समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत राहिले. मी शेजारीच होतो. तेव्हा बोलायचं होतं. मामा, तुम्हाला बरोबर दिसलं होतं – एवढं एक वाक्य. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि मी त्यांना विचारलं, चहा घेणार का?

घरी आल्यावर ते हरेशला म्हणाले, "माजंच चुकलं र. दिवा पेटला आसंल, मनाच दिसला नाय." हरेश रडला. त्याला वाटत होतं, आपण जोरात ब्रेक मारला. दोघांनी एकमेकांची समजूत घातली, आणि मी दारात उभा राहून ती बघितली.

गुडघा बरा झाला. मनगटही बरं झालं. पायऱ्या चढताना थोडं लंगडतात, पण बोटीवर उभे राहू शकले असते, डॉक्टरांनीही हरकत घेतली नव्हती. ते गेले नाहीत. म्हणाले, तांडेलाचे डोले गेल्यावर बोटीवर काय ठेवलंय, पोरांचे जीव माझ्या नजरेवर असतात. त्यांनी सुकाणू दुसऱ्याच्या हातात दिलं, काही दिवसांनी बोटच दिली. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. आता तर त्यांना स्वच्छ दिसत असणार. पण पुन्हा समुद्रावर जायचं नाव त्यांनी काढलं नाही. नजर परत आली असेल, भरवसा आला नाही. तो मी काढून घेतला होता, आणि त्याचं ऑपरेशन कोणी करत नाही.

मी का बोललो नाही? आधी वाटायचं, मामा चिडतील, हरेश तोंड बघणार नाही, प्रतिभाला काय वाटेल. मग वाटायला लागलं, आता बोलून काय उपयोग, बोट तर गेली. नंतर नंतर काही वाटेनासंच झालं. रोजच्या जेवणाखाण्यात ते कुठेतरी मिसळून गेलं. पोटात गोळा येतो, झोप उडते, असलं काही मला होत नाही. मी बरा जेवतो, बरा झोपतो. त्या घरी अजूनही काही बिघडलं की मलाच बोलावतात, आणि मी जातो. ट्रॉलीचा तो बोल्ट अजून तसाच आहे. त्याच्यावरचा निळा बाकीच्या निळ्यापेक्षा थोडा जाड आहे, बोटाने लावलेला. ओळखणारा मी एकटाच.

परवा मोऱ्याला गेलो होतो. मामा धक्क्यावर बसले होते, त्यांच्या नेहमीच्या दगडी बाकावर. मी शेजारी बसलो. समोर मुंबईच्या बाजूला धुरकट होतं, आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. मामा एकदम सावरून बसले. मान किंचित पुढे केली, पूर्वी करायचे तशी. मग थांबले. पूर्वी ते सांगायचे. आता माझ्याकडे वळले आणि हळूच, कोणी ऐकू नये असं, विचारलं, "लाँच हाय ना ती, जावय?"

मला नुसतं राखाडी पाणी दिसत होतं.

मी म्हटलं, "हो मामा, लाँचच आहे." त्यांचा चेहरा खुलला. आम्ही बघत राहिलो. बऱ्याच वेळाने त्याच जागी एक ठिपका दिसायला लागला, आणि मग हळूहळू त्याची लाँच झाली.

त्या दिवशी ट्रॉलीचा दिवा पेटला नव्हता. मामांनी जे पाहिलं, ते बरोबर होतं.